पार्श्वभूमी: लढाईवरून घरी आलेली पत्रं

आबाजींची, म्हणजे सैन्यात गेलेल्या आजोबांची, लढाईतली पत्रं वाचायला घेतलेल्या नातवंडांची पहिली तक्रार बहुधा एकच असते, की यात आजीसाठी काही नाहीच. पत्र वडिलांच्या नावे. ‘तीर्थरूप बाबांचे सेवेशी शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.’ (विनंती विशेष). मग इकडील क्षेम, तिकडील पावसाची चौकशी, मनीऑर्डर पोचली का, गोऱ्हा विकू नये, धाकट्याला शाळेत घालावे. आणि अगदी तळाशी, जागा उरलीच तर, ‘घरात आशीर्वाद सांगावा’. नवऱ्याने बायकोला लिहिलेलं म्हणून जपलेल्या गठ्ठ्यात एवढंच निघतं, आणि नातवंडं आबाजींना रूक्ष ठरवून मोकळी होतात. तसं ठरवण्याआधी हा कागद कोणाकोणाच्या हातून आला ते पाहायला हवं.

नागपूर-कामठीच्या घरांतून जी पत्रं अजून सापडतात ती प्रामुख्याने दुसऱ्या महायुद्धातली, त्यातही १९४२ ते १९४५ मधली. कामठीची छावणी १८२१ची, म्हणजे सैन्य आणि टपाल या भागाला नवं नव्हतं. पण पहिल्या महायुद्धात फ्रान्सला किंवा मेसोपोटेमियाला (आजच्या इराकला) गेलेल्यांची पत्रं इकडच्या घरांत क्वचितच उरली आहेत. दुसऱ्या युद्धात चित्र पालटलं. १९३९ साली दोन लाखांच्या आसपास असलेलं हिंदी, म्हणजे भारतीय, सैन्य १९४५ पर्यंत पंचवीस लाखांवर गेलं, तेही सक्तीच्या भरतीशिवाय. त्यात नुसते बंदूकवाले नव्हते. ड्रायव्हर, हवालदार-क्लार्क, दवाखान्यातले, रसदवाले असे सगळे होते. मॅट्रिकपर्यंत पोचलेल्या शहरी पोराला तेव्हा कारकुनीची जागा सैन्यातच चटकन मिळे.

नागपूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सोडता येत नाही. महारांची सैन्यभरती इंग्रजांनी १८९०च्या दशकात बंद केली होती. १९१७ साली गरज पडली तेव्हा एक पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये गरज सरताच ती मोडली. १९४१च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट पुन्हा सुरू झाली आणि तिची दुसरी बटालियन १९४२ साली कामठीलाच उभी राहिली. त्याच वर्षी जुलैमध्ये, पंधरा-सोळा किलोमीटरवर नागपुरात, दलित वर्गाची अखिल भारतीय परिषद भरली. तिच्या जोडीला महिलांची स्वतंत्र परिषदही झाली. म्हणजे एका बाजूला तरुण वर्दी चढवत होते आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्याच घरच्या बायका सभेत उभ्या राहून ठराव मांडत होत्या. पलटण बंद झाली की पगार आणि पेन्शन जाई, तशी छावणीतली शाळाही जाई, आणि शाळेबरोबर घरातलं लिहिणं-वाचणंही. भरतीबंदीच्या इतिहासात हे नुकसान कमीच मोजलं गेलं आहे. वस्तीतल्या एका घरात पत्रांचा गठ्ठा सापडतो आणि शेजारच्या घरात सापडत नाही, त्यामागे कित्येकदा हीच गोष्ट असते.

१९३१च्या जनगणनेत देशात शंभरात नऊ-दहा माणसं साक्षर होती, आणि शंभर बायकांत तीन. दहा वर्षांत थोडी भर पडली असेल. तरी आघाडीवरून आलेलं पत्र आजीने स्वतः फोडून, माजघरात एकटीने वाचलं असेल हा आपला आजचा समज झाला. पोस्टमनने दारातच वाचून दाखवायचं, नाहीतर दिराने, नाहीतर शाळेच्या मास्तरांनी. सासरा बाजेवर, सासू उंबऱ्यात, शेजारची दोन माणसं अंगणात, आणि जिच्यासाठी पत्र आलं ती दाराआड. नवऱ्यालाही हे पक्कं ठाऊक होतं. चारचौघांत बायकोचं नाव न घेणाऱ्या माणसाने पत्रात, मास्तरांच्या तोंडून, नाव घ्यावं कसं?

लिहिणारा तरी नेहमी तोच कुठे असे? सैन्यातलं शिक्षण रोमन उर्दूत चाले, म्हणजे हिंदुस्थानी भाषा आणि इंग्रजी अक्षरं. पलटणीत जो पहिल्यांदा लिहायला शिकला त्याला मिळालेली अक्षरं घरी कोणाला वाचता येत नसत. मग मराठी लिहिणारा सोबती गाठायचा. सोबती जुन्या वळणाचा असेल तर पत्र मोडीत येई, आणि शाळेत फक्त बाळबोध शिकलेला धाकटा दीर ते हातात घेऊन गावभर मोडी वाचणारा शोधत फिरे. म्हणून गठ्ठ्यातली दोन पत्रं दोन वेगळ्या हस्ताक्षरांत दिसली तर लगेच शंका घेऊ नये. सही किंवा अंगठा मात्र पाहावा.

आता सेन्सॉर. या विषयातला खरा वादाचा मुद्दा हाच आहे, आणि त्याला मिळायला हवी तेवढी जागा कोणी देत नाही.

नियम सरळ होता. आघाडीवरचं पत्र बंद करण्याआधी पलटणीच्या अधिकाऱ्याने वाचायचं. ठिकाणाचं नाव, पलटणीची हालचाल, हत्यारं, नुकसान यांतलं काही दिसलं तर निळ्या पेन्सिलीने खोडायचं किंवा कात्रीने कापायचं. मग शिक्का. त्याच्यावर पुढच्या तळावर पुन्हा तपासणी होऊ शकत असे. गोऱ्या पलटणीत हे काम निदान परक्या थरातला माणूस करी. मराठी पलटणीत अडचण वेगळी होती. घरगुती मराठी, त्यातून मोडी, वाचू शकणारा गोरा अधिकारी जवळजवळ नसेच. तेव्हा वाचणारा येई तो आपल्याच भाषेतला, कधी आपल्याच तालुक्यातला. ज्याच्यासमोर उद्या सकाळी परेडला उभं राहायचं त्यानेच काल रात्री आपल्या बायकोला लिहिलेलं वाचलेलं. अशा वेळी माणूस गोऱ्ह्याबद्दलच लिहिणार.

यावर तोडगा म्हणून हिरवी पाकिटं होती. पहिल्या युद्धात ब्रिटिश सैन्याने काढलेली ही सोय दुसऱ्या युद्धातही चालली. पाकिटावर छापलेल्या मजकुराखाली सैनिकाने सही करायची, की आत केवळ खाजगी आणि घरगुती मजकूर आहे हे मी इमानाने सांगतो. असं पाकीट पलटणीत उघडत नसत. उघडलंच तर मागच्या तळावर, अनोळखी माणसाकडून. ही पाकिटं मोजून मिळत. आपल्या गठ्ठ्यात एखादं हिरवं पाकीट असेल तर आतलं पत्र आधी काढावं. आबाजी कुठे मोकळे झाले असतील तर तिथेच.

या सगळ्याचं समर्थन गुप्ततेच्या नावाने झालं, आजही होतं, आणि ठिकाणांच्या नावांपुरतं ते पटतंही. जहाज कधी सुटणार हे पत्रात लिहू देणारं सैन्य मूर्खच म्हणायचं. पण वाचन तेवढ्यावर थांबलं नाही. १९१४ साली फ्रान्समध्ये हिंदी टपालावर सेन्सॉर बसला तो मुळात आत येणाऱ्या टपालातून राजद्रोही छापील मजकूर शिपायांपर्यंत पोचतोय या धास्तीने. थोड्याच दिवसांत बाहेर जाणारी पत्रंही वाचली जाऊ लागली, त्यांतले उतारे इंग्रजीत उतरवून आठवड्याला अहवाल जाऊ लागले. आठवड्याची पत्रं दहा-वीस हजार, तेव्हा जमेल तेवढीच वाचली जात. शिपायांना हे कळत होतं. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात, अशी वाक्यं त्या अहवालांत आहेत. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे, हे सेन्सॉरलाही उमगलं होतं. दुसऱ्या युद्धात मध्यपूर्वेतल्या हिंदी सैन्याच्या पत्रांवर असेच अहवाल नेमाने निघत राहिले. त्यात शिपाई पगाराबद्दल काय म्हणतो, साहेबाबद्दल काय म्हणतो, घरच्या उपासमारीबद्दल काय म्हणतो, याची नोंद असे. आता यात गुप्तता कुठली? सरकार हे शिपायाचं मन वाचत होतं, आणि त्यासाठी नवरा-बायकोचा पत्रव्यवहार वापरत होतं. इतिहासकारांना त्या अहवालांचा फार उपयोग झाला हे खरं, पण म्हणून वाचणं रास्त ठरत नाही.

त्याचा एक विचित्र परिणाम आज समोर आहे. लंडनच्या ग्रंथालयात जपलेले ते अहवाल इंग्रजी उताऱ्यांचे आहेत. मूळ पत्रं पुढे रवाना झाली. तिथे मराठी शिपाई बोलतो तो सेन्सॉरच्या इंग्रजीत. त्याची स्वतःची मराठी उरली असेल तर ती कामठीच्या, पाचपावलीच्या, इतवारीच्या एखाद्या घरातल्या लोखंडी पेटीत.

घरून जाणाऱ्या पत्रांचीही तपासणी होत असे, आणि १९४२ नंतर सरकारला त्यांचीच जास्त धास्ती होती. बेचाळीसच्या ऑगस्टमध्ये, ‘भारत छोडो’ आंदोलनात, नागपुरात गोळीबार झाला, चिमूर-आष्टीत जे घडलं ते घडलं. १९४३ला बंगालात दुष्काळ पडला आणि धान्य सगळीकडेच महागलं. त्या सुमाराच्या सैनिकांच्या पत्रांत धान्याच्या भावाची चौकशी वारंवार येते, ज्वारी काय दराने मिळते, पैसे पुरतात का. ही चौकशी रूक्ष वाटते, पण ती कोणासाठी होती हे अंगणात बसलेल्या सगळ्यांना कळत असावं. ज्वारीच्या दराआड बाईचं पोट होतं.

मनीऑर्डरीचं कुपन मात्र याला थोडा अपवाद. फॉर्मच्या तळाशी मजकुरापुरती पट्टी असे, पैसे देताना पोस्टमन ती फाडून देई. दोन-तीन ओळींची जागा. तिथे मायना नाही, वि. वि. नाही, वडीलधाऱ्यांची रांग नाही. ‘लुगडे घेणे. अंगावर काढू नये, डाक्टरास दाखवणे.’ असं काही जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीत निघतं, ओल लागून अक्षरं फुटलेली असतात. गठ्ठा चाळणारे पाकिटं जपतात आणि ही कुपनं हिशेबाचे कागद समजून बाजूला टाकतात. तसं करू नये.

उलट बाजूची पत्रं, म्हणजे आजीने लिहवून घेतलेली, जवळजवळ कुठेच मिळत नाहीत. वळकटी उचलून ब्रह्मदेशाच्या जंगलात फिरणारा माणूस कागद किती दिवस सांभाळणार? जे गेले त्यांच्या वस्तूंबरोबर कधी एखादं परत आलं, एवढंच. त्यामुळे आपल्यासमोर असतो तो अर्धा संवाद, आणि त्यातही उत्तरांची बाजू जास्त.

पत्र कुठून आलं त्या ठिकाणाचं नाव पाकिटावर नसतं, फक्त फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक. युद्ध चालू असताना कोणता क्रमांक कुठे हे गुपित होतं. टपाल-अभ्यासकांनी नंतर याद्या लावल्या, पण ही पोस्ट ऑफिसं सैन्याबरोबर हलत. तोच क्रमांक एका महिन्यात एका देशात आणि सहा महिन्यांनी दुसऱ्याच देशात असू शकतो. म्हणून क्रमांक आणि तारीख दोन्ही लागतात. इथेच या पाकिटांचा शत्रूही दडलाय. सेन्सॉरच्या शिक्क्याला संग्राहकांत किंमत आहे, आतल्या मराठी पत्राला नाही. दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीत गेलेला गठ्ठा पुढे बाजारात येतो तो बरेचदा रिकाम्या पाकिटांचा. तिकीट कापून घेतलेलं असलं तर तारखेचा शिक्काही अर्धाच.

स्वातंत्र्यानंतर सैनिकाच्या पत्राचा बाज लवकर बदलला. मोडी शाळांतून गेली. १९५० साली आंतर्देशीय पत्र आलं. एकच निळा कागद, घडी घालून चिकटवलेला, फाडल्याशिवाय उघडता न येणारा. सुनेच्या नावाने वेगळं पत्र येणं हीच त्या काळातली मोठी घटना म्हणायची, कारण तोवर वाचता येणाऱ्या सुना आल्या होत्या. पत्ता ‘५६ एपीओ’ (आर्मी पोस्ट ऑफिस) किंवा ‘९९ एपीओ’, एक दिल्लीमार्गे, दुसरा कलकत्त्यामार्गे. बासष्ट, पासष्ट, एकाहत्तर या तिन्ही लढायांतली नागपूरकडची पत्रं बहुतेक याच निळ्या कागदावर आहेत, आणि त्यांत ‘प्रिय’ हा मायना बिनधास्त येतो. मग एसटीडी बूथ आले, कारगिलनंतर मोबाइल, आणि पत्र मागे पडलं. २०२० साली सैन्याने फेसबुक-इन्स्टाग्रामसह ८९ अ‍ॅप जवानांच्या फोनवरून काढायला लावले. कारण पुन्हा गुप्ततेचंच.

घरात गठ्ठा असेल तर त्याला लॅमिनेशन करू नये आणि चिकटपट्टी लावू नये. नागपूरच्या मे महिन्यात जुना कागद घडीवरच मोडतो, तेव्हा उलगडायचं काम पावसाळा सरल्यावर काढावं. पाकीट आणि पत्र यांची ताटातूट होऊ देऊ नये, दोन्हींचे फोटो एकाच क्रमाने काढावेत. पत्रावर बहुधा सैनिक क्रमांक असतो. महार रेजिमेंटचा असेल तर सागर, मराठा लाइट इन्फन्ट्रीचा असेल तर बेळगाव, अशा त्या-त्या अभिलेख कार्यालयाकडे तो देऊन अर्ज करता येतो. पत्रं मोडीत असतील तर मोडी वाचणारी माणसं नागपुरात अजून मिळतात. त्यांच्यासमोर गठ्ठा ठेवण्याआधी घरच्या मोठ्यांना एकदा विचारून घ्यावं. या पत्रांचे आधीच तीन-चार परके वाचक होऊन गेलेत, पुढचा कोण असावा हे आजीच्या लेकीने ठरवलं तर बरं.