रास्पबेरी पायवर घरचं व्हिडिओ गेम पार्लर

१९८० सालच्या पॅकमॅनच्या यंत्रात झेड-८० हा मुख्य प्रोसेसर ३.०७२ मेगाहर्ट्झवर चालायचा. स्ट्रीट फायटर २ च्या बोर्डावर १० मेगाहर्ट्झचा मोटोरोला ६८००० होता, आणि आवाजासाठी वेगळा झेड-८०. रास्पबेरी पाय हा एका छोट्या बोर्डावर मावणारा संगणक, आणि त्याच्या पाय ४ मध्ये १.५ गिगाहर्ट्झचे चार कोअर असतात. त्या जुन्या चिपा जे करत होत्या ते सॉफ्टवेअरने हुबेहूब करून दाखवणं, म्हणजे एम्युलेशन, पायला जड जात नाही. घरचं कॅबिनेट रखडतं ते वीज, गेमच्या फाइलींची आवृत्ती आणि बटणं या तीन ठिकाणी.

सुरुवात सोपी आहे. २ जीबीचा पाय ४ पुरतो. ३२ जीबीचं ए१ दर्जाचं मायक्रोएसडी कार्ड घ्यायचं आणि संगणकावर रास्पबेरी पाय इमेजर हा प्रोग्राम वापरून त्यावर रेट्रोपाय, म्हणजे अनेक एम्युलेटर एकत्र देणारं सॉफ्टवेअर, चढवायचं. रेट्रोपाय ४.८ ची तयार इमेज पाय ४ आणि ४०० पर्यंतच चालते. पाय ५ असेल तर बॅटोसेरा किंवा रिकलबॉक्स ही तशीच सॉफ्टवेअरं बरी. पाय ५ ला ३.५ मिमीचा ऑडिओ जॅक नाही, हेही घेण्याआधी लक्षात असू द्या.

आता वीज. पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात. घरात पडलेला मोबाइलचा चार्जर आणि बारीक तारेची केबल जोडली की पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह लुकलुकतं, गेम अडखळतो, आवाज तुटतो, आणि दोष मात्र एम्युलेटरला दिला जातो. हिशेब असा: केबलचा रोध जाता-येता मिळून ०.२ ओम असेल आणि २ अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर ०.४ व्होल्ट केबलमध्येच जातात. उरतात ४.६. पायची इशाऱ्याची रेषा ४.६३ व्होल्टला आहे. त्याखाली गेलं की तो स्वतःचा वेग उतरवतो. अधिकृत अ‍ॅडाप्टर ५.१ व्होल्ट देतो तो याचसाठी. उष्णतेचंही तसंच आहे. ८० अंश सेल्सिअसला वेग कमी होऊ लागतो, म्हणून बंद लाकडी पेटीत हीटसिंक, छोटा पंखा आणि मागच्या फळीला खाली-वर भोकं हवीतच.

सगळ्यात जास्त डोकेदुखी रॉमची, म्हणजे मूळ चिपांमधून उतरवून घेतलेल्या गेमच्या फाइलींची. मेम हा एम्युलेटर १९९७ पासून सुधारत आला आहे, आणि मूळ चिपांमधला मजकूर जसजसा अधिक अचूक वाचला गेला तसतशी प्रत्येक गेमच्या झिपमधली फाइलींची यादी बदलत गेली. झिपचं नाव तेच, आतला ऐवज वेगळा. रेट्रोपायमधला मेम-२००३ हा ०.७८ आवृत्तीचा संच मागतो. आपल्याकडच्या पार्लरमध्ये ‘मुस्तफा’ म्हणून गाजलेला कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स घ्या: नव्या मेमला त्याच्यासाठी क्यूसाउंड या आवाजाच्या चिपची वेगळी फाइल लागते, ०.७८ ला ती ठाऊकच नाही. गेम क्षणभर काळा पडदा दाखवून मेनूवर परत आला, तर आधी आवृत्ती जुळते का ते पाहा. निओजिओ या आर्केड यंत्राच्या गेमना त्याच फोल्डरमध्ये बायोसची, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या मूळ प्रोग्रामची, झिपही लागते. झिप उघडून ठेवायची नाही. या गेमवर कंपन्यांचे हक्क अजून आहेत. रॉबी रोटोसारखे मोजके गेम मेमच्या संकेतस्थळावर घरगुती वापरासाठी रीतसर मोफत मिळतात. चाचणीला ते उत्तम.

बटणांसाठी यूएसबी एन्कोडर बोर्ड घ्या; बटण दाबल्याचं तो पायला कळवतो. बटणाखालच्या मायक्रोस्विचला तीन टोकं असतात: कॉमन, एनओ (एरवी उघडं) आणि एनसी (एरवी जोडलेलं). तारा कॉमन आणि एनओला जोडायच्या. एनसीला जोडली तर बटण कायम दाबलेलंच दिसतं आणि मेनू आपोआप पळत सुटतो. फळी १८ मिमी प्लायची असेल तर नट-आट्याची बटणं घ्या. खटकन बसणारी बटणं पातळ पत्र्यासाठी असतात, जाड लाकडात ती धरत नाहीत. जपानी बटणांना ३० मिमीचं भोक लागतं. सान्वा या जपानी कंपनीच्या जॉयस्टिकचा दांडाही १८ मिमी लाकडात आखूड पडतो, तेव्हा खालून लाकूड कोरून घ्यावं लागतं. पॅकमॅन खेळताना वळणावर सारखं अडकायला होत असेल तर हात दोषी नाही: त्या गेमला चार दिशांची स्टिक हवी, आठ दिशांची तिरकी जाते. सान्वाच्या जेएलएफ या जॉयस्टिकच्या तळाची चौकोनी पट्टी ४५ अंशांत फिरवली की तीच स्टिक चार दिशांची होते.

रेट्रोपायमध्ये ‘सिलेक्ट’ आणि ‘स्टार्ट’ एकत्र दाबले की गेम बंद होतो, आणि कॅबिनेटमध्ये सिलेक्ट म्हणजे नाणं टाकायचं बटण. पोरं दोन्ही एकदम दाबणारच. म्हणून हॉटकीला, म्हणजे स्टार्टसोबत दाबल्यावर गेम बंद करणाऱ्या बटणाला, सिलेक्टऐवजी फळीखाली वेगळं बटण द्यावं. दाबल्यावर उडी उशिरा पडत असेल तर आधी टीव्हीचा गेम मोड लावा. तरीही जाणवलं तर रेट्रोआर्च या रेट्रोपायमधल्या एम्युलेटर चालवणाऱ्या प्रोग्राममधलं रन-अहेड, म्हणजे पुढची चित्रं आधीच काढून उशीर कापणारी सोय, एका फ्रेमवर, म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंदांवर ठेवा. त्यासाठी तोच गेम आतल्या आत दोनदा चालवावा लागतो, म्हणून जड गेमला ते झेपेलच असं नाही.

जुन्या पार्लरचा मालक रात्री सरळ मेन स्विच पाडायचा आणि काही बिघडत नसे, कारण प्रोग्राम रॉमच्या चिपांत कोरलेला असे. पाय कार्डावर सतत काहीतरी लिहीत असतो. मध्येच वीज गेली तर फाइलसिस्टिम खराब होऊ शकते. कॉन्फिग फाइलमध्ये ‘जीपीआयओ-शटडाउन’ हा ओव्हरले, म्हणजे बंद करण्याच्या बटणाची तयार सेटिंग, चालू करा आणि पायच्या पिन क्रमांक ५ आणि ६ मध्ये साधं पुश बटण जोडा. एकदा दाबलं की रीतसर बंद, पुन्हा दाबलं की चालू. पिन ५ ला ५ व्होल्ट कधीही लावू नका, ती ३.३ व्होल्टची आहे. हायस्कोर टिकवायचा असेल तर आधी गेममधून बाहेर या, मग हे बटण दाबा, आणि हिरवा दिवा लुकलुकायचा थांबल्यावरच भिंतीवरच्या बोर्डाचा स्विच पाडा.