चाळिशीनंतरचा धंदा: खाणावळीपासून उद्यम नोंदणीपर्यंत

मुलं कॉलेजात गेली, सासूबाईंचं आजारपण निभावलं आणि मग एके दिवशी बाईने घरच्या भाजणीच्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या भरून सोसायटीत विकायला काढल्या. पंचेचाळिशीतल्या बायकांचे असे एकहाती धंदे आता गल्लोगल्ली दिसतात. ही मोबाइलने आणलेली लाट आहे असं सर्रास बोललं जातं. मला ते पटत नाही. हातातलं कसब आणि व्यवहाराची जाण बायकांकडे पूर्वीपासून होती. कमावलेला पैसा आणि घेतलेलं कर्ज त्यांच्या नावावर चढायला मात्र फार काळ गेला.

याचं मूळ धर्मशास्त्रापर्यंत जातं. स्त्रीधन, म्हणजे बाईची स्वतःची मालमत्ता, कशाला म्हणायचं ते सांगताना कात्यायन या प्राचीन स्मृतिकाराने एक अपवाद केला: शिल्पाने, म्हणजे हातच्या कलेने, बाई जे मिळवेल त्यावर स्वामित्व नवऱ्याचं. माहेरचा दागिना तिचा, पण स्वतः राबून आणलेला पैसा तिचा नाही! हे चित्र १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने पालटलं. त्याच्या कलम १४ मध्ये स्वतःच्या कौशल्याने किंवा श्रमाने मिळवलेल्या मालमत्तेचा स्पष्ट उल्लेख आहे आणि तिची पूर्ण मालकी बाईला दिली आहे.

या कायद्याच्या कितीतरी आधी रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केलं. विधवा आणि संसारी बायकांना शिवणकाम आणि परिचारिकेचं काम तिथे शिकता येऊ लागलं. तेव्हा रमाबाई स्वतः सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या, हे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

पण पोटासाठी मांडलेला बाईचा धंदा पाहायचा तर गिरणगावातच जावं लागतं. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत सुमारे पाचांत एक कामगार बाई होती, मुख्यतः रिळं आणि बॉबिन भरण्याच्या खात्यांत. पुढे यंत्रं बदलली, ती खाती आटली. रात्रपाळीला बायकांना कायद्याने बंदी होती आणि बाळंतपणाचा भत्ता द्यावा लागतो म्हणूनही मालक त्यांना घ्यायला नाखूश असत. बायका गिरणीबाहेर पडल्या. चूल मात्र होतीच. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून आलेले पुरुष बायकामुलं गावी ठेवून चाळीतल्या गाळ्यांत राहत. एकेका खोलीत पाळीपाळीने वीस-तीस जण झोपत. त्यांना जेवू घालणारी ती खाणावळवाली.

दहा बाय बाराची खोली, त्यातच संसार आणि त्यातच वीस माणसांचा स्वयंपाक. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत डबे भरायचे, दुसऱ्या पाळीचे गडी उठले की त्यांची पानं मांडायची. पैसे महिन्याने, पगार झाल्यावर. तोवर वाण्याकडून धान्य उधार, तेही चढ्या भावाने, आणि नड आली की मंगळसूत्र सावकाराकडे. एवढा व्यवहार सांभाळणाऱ्या बाईला व्यावसायिक म्हणून कुणी मोजत नव्हतं. बँकेला तारण हवं आणि तिच्याकडे होती फक्त भांडी.

१९६९ मध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि गरिबाला कर्ज देणं हे बँकेचं काम ठरलं. ती संधी प्रेमा पुरव यांनी ओळखली. गोवा मुक्तिलढ्यातून आणि कामगार चळवळीतून आलेल्या प्रेमाताईंनी १९७५ साली खाणावळवाल्यांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बायकांचे गट करायचे, एकीला दुसरी जामीन. राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज प्रत्येकीच्या स्वतःच्या नावावर निघू लागलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं खरं वळण हेच.

त्याला तडा गेला १९८२ च्या जानेवारीत. गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, खाणावळींची गिऱ्हाइकं गावी परतली आणि वह्यांमधली उधारी तशीच राहिली. वयाच्या चाळिशी-पन्नाशीत कितीतरी जणींना नव्याने गिऱ्हाईक शोधावं लागलं, कुणी पोळ्या लाटून दिल्या, कुणी कचेऱ्यांत डबे पोहोचवले.

ग्रामीण भागात हा झगडा पुढे चालू राहिला. साताऱ्यातल्या म्हसवडला रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्यात डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा होता. त्यासाठी दोन पैसे साठवायला ती बँकेत गेली, तर खातंच उघडून मिळेना. तिच्यामुळे सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा यांनी बायकांची बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला, कारण बँक काढायला निघालेल्या बायका निरक्षर होत्या. त्या लिहायला-वाचायला शिकल्या, मुंबईत अधिकाऱ्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

त्यानंतरच्या पायऱ्या भराभर आल्या. छोट्या खाद्य व्यावसायिकाला वर्षाला १०० रुपयांत नोंदणी २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी दिली, २०१५ मध्ये छोट्या धंद्यांसाठी सरकारी योजनेतलं विनातारण मुद्रा कर्ज आलं, २०२० पासून उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारदरबारी नोंद, घरबसल्या होऊ लागली. तरीही मोठी रक्कम मागितली की घराचे कागद लागतात, आणि अजून कितीतरी घरांच्या कागदांवर बाईचं नाव नाही. भाजणीचा धंदा पिशव्यांवरून पिठाची गिरणी टाकण्यापर्यंत न्यायचा म्हटलं की पंचेचाळिशीतल्या त्या बाईला आजही नवऱ्याची सही घ्यायला घरी परतावं लागतं.