अकाली प्रसूती आणि योनीतील जिवाणू

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी झालेल्या प्रसूतीला अकाली प्रसूती म्हणतात. जगात जन्माला येणाऱ्या साधारण दहा बाळांपैकी एक बाळ असे दिवस भरण्याआधीच येते, आणि पाच वर्षांखालील बालमृत्यूंचे सर्वांत मोठे कारण या अकाली जन्मातून उद्भवणारी गुंतागुंत हेच आहे. जुळी बाळे, आईचा रक्तदाब, आधीची अकाली प्रसूती अशी यामागची कारणे अनेक आहेत. त्यांत योनीतल्या जिवाणूंचा वाटा किती, याचा शोध अलीकडच्या काळात नेटाने घेतला जात आहे.

योनीत जिवाणू असणे हा आजार नव्हे. १८९२ साली जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट ड्योडरलाइन यांनी तिथल्या काडीच्या आकाराच्या जिवाणूंचे वर्णन केले. आज आपण त्यांना लॅक्टोबॅसिलस म्हणून ओळखतो. योनीच्या अस्तरातल्या पेशींत ग्लायकोजेन साठलेले असते. त्याच्या विघटनातून मिळणाऱ्या साखरेपासून हे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यामुळे आम्लता दाखवणारा सामू (पीएच) ४.५ च्या खाली, म्हणजे आम्लधर्मी, राहतो आणि बहुतेक उपद्रवी जंतूंना तिथे जम बसवता येत नाही. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढते, त्यासोबत ग्लायकोजेनही वाढते आणि लॅक्टोबॅसिलसची पकड सहसा अधिक घट्ट होते. आतड्यात जिवाणूंचे वैविध्य चांगले मानले जाते; योनीत मात्र एकाच प्रजातीचे वर्चस्व बहुधा हितकारक ठरते.

सगळे लॅक्टोबॅसिलस सारखे नाहीत, आणि मला वाटते या विषयाची खरी मेख इथेच आहे. लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस ही प्रजाती भरवशाची राखणदार आहे. लॅक्टोबॅसिलस इनर्स दिसायला त्याच कुळातली, पण ती लॅक्टिक आम्लाचे ‘डी’ हे रूप बनवत नाही आणि परिस्थिती पालटली की गार्डनेरेलासारख्या उपद्रवी जंतूंशेजारीही सुखाने नांदते. अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अकाली प्रसूत झालेल्या ४५ आणि पूर्ण दिवसांनी प्रसूत झालेल्या ९० स्त्रियांची तुलना केली गेली. त्या बहुतांशी आफ्रिकी वंशाच्या होत्या. अकाली प्रसूत झालेल्यांत क्रिस्पॅटसचे प्रमाण कमी, तर स्नीथिया, प्रीव्होटेला अशा जंतूंचे प्रमाण जास्त आढळले, आणि हा फरक गर्भारपणाच्या सुरुवातीच्या काळात अधिक ठळक होता.

योनीतले जंतू कळा कशा सुरू करू शकतात? गर्भाशयमुखात घट्ट श्लेष्माचे बूच असते. काही जंतूंची विकरे (एन्झाइम) हा श्लेष्मा पातळ करतात आणि त्यांना वर सरकायला वाट मिळते. बाळाभोवतीच्या आवरणातल्या पेशी त्यांना ओळखून दाहकारक प्रथिने सोडतात. त्यातून प्रोस्टाग्लँडिन हे कळा आणणारे रसायन वाढून गर्भाशय आकुंचन पावू लागते, तर कोलाजेन हे ऊतींना बळकटी देणारे प्रथिन कुरतडणारी विकरे गर्भाशयमुख मऊ करतात आणि पाणमोट कमकुवत करतात. म्हणजे वेळेवर होणाऱ्या प्रसूतीचीच यंत्रणा दाहामुळे अवेळी जागी होते.

मग प्रतिजैविके देऊन हे जंतू मारले की झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण कोणतीही तक्रार नसलेल्या, मात्र तपासणीत जिवाणूंचा असमतोल (लॅक्टोबॅसिलस कमी, इतर जंतू जास्त) आढळलेल्या गर्भवतींवर मेट्रोनिडॅझोलची चाचणी झाली, पुढे फ्रान्समध्ये क्लिंडामायसिनचीही मोठी चाचणी झाली, आणि दोन्हींत अकाली प्रसूती कमी झाल्या नाहीत. म्हणूनच जोखीम कमी असलेल्या, तक्रार नसलेल्या गर्भवतींची यासाठी सरसकट तपासणी करू नये, अशी अमेरिकेतील तज्ज्ञगटाची शिफारस आहे. औषधाने उपद्रवी जंतू हटतात, पण रिकाम्या जागी क्रिस्पॅटस आपोआप रुजत नाही. हाच जिवाणू बाहेरून योनीत सोडण्याचा प्रयोग गर्भवती नसलेल्या स्त्रियांवर झाला, आणि उपचारानंतर असमतोल पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण त्यामुळे घटले.

असा असमतोल आढळलेल्या बहुसंख्य स्त्रियांची प्रसूती पूर्ण दिवसांनीच होते, त्यामुळे एखादीला त्यावरून धास्तावून सोडणे किंवा तिच्या स्वच्छतेवर बोट ठेवणे अन्यायाचे आहे. उलट योनी आतून धुण्याने लॅक्टोबॅसिलसच वाहून जातात. अंगावरून दुर्गंधीयुक्त पांढरे जात असेल, खाज किंवा जळजळ असेल, तर गरोदरपणातही त्यावर सुरक्षित उपचार आहेत आणि ते डॉक्टरांकडून वेळीच घ्यावेत. पाणी जाऊ लागले किंवा दिवस भरण्याआधी ठरावीक अंतराने पोट कडक होऊ लागले, तर मात्र लगेच रुग्णालय गाठावे.