पावसाळ्यात चढणारा पियानो

जूनचा दुसरा आठवडा. पाऊस सुरू होऊन चार दिवसही झाले नव्हते आणि आमच्या माहीमच्या घरातल्या पियानोची एक पट्टी दाबली की खालीच राहू लागली. मधल्या सप्तकातली पांढरी चार, म्हणजे चौथी पांढरी पट्टी. लेक सरावाला बसली की ती पट्टी नखाने वर उचलायची आणि पुढचं वाजवायची. आणखी दोन दिवसांनी आतल्या खोलीतून आई म्हणाली, "बाजा चढलाय गं." आई चाळीस वर्षं काळी चारमध्ये गात आलीये. तिला पट्टी सांगायला दुसरं वाद्य लागत नाही.

वसईहून येणाऱ्या ट्यूनर अंकलना फोन केला. त्यांनी पुढची फळी उतरवली, अडकलेली पट्टी अलगद बाहेर काढली आणि मला उजेडात धरून दाखवली. पट्टी म्हणजे हातभर लांबीची लाकडी पट्टीच. तिच्या पोटात एक लांबट भोक, त्या भोकाला आतून लोकरीचं तांबडं अस्तर आणि त्यातून जाणारी एक गुळगुळीत खीळ. दमट हवेने अस्तर फुगलं होतं आणि खीळ त्यात घट्ट बसली होती. अंकलनी रुंद जबड्याच्या पकडीने अस्तर दोन्ही बाजूंनी जरा दाबलं आणि पट्टी परत बसवली. ती मोकळी झाली. पण ट्यूनिंग करायला मात्र ते साफ नाही म्हणाले. "आता लाकूड पाणी पितंय, ताई. त्याचं पोट भरू द्या. जुलै संपता संपता बोलवा."

पियानो बेसूर झाला की आपण तारांना दोष देतो. पावसाळ्यात तारा तशाच असतात, हलते ती त्यांच्यामागची फळी.

पियानोत ८८ पट्ट्या असल्या तरी तारा साधारण २३० असतात. मधल्या आणि वरच्या स्वरांना प्रत्येकी तीन, खर्जाकडे दोन, अगदी खाली एकच. एकेका तारेवरचा ताण साधारण ७० ते ८० किलो, म्हणजे प्रत्येक तारेला एक मोठा माणूस लोंबकळतोय असं समजा. सगळ्यांची बेरीज १८ टनांच्या आसपास जाते. गर्दीच्या वेळी लोकलच्या निम्म्या डब्यात जेवढी माणसं असतात, तेवढ्यांचं वजन दिवाणखान्यातल्या त्या कपाटाएवढ्या खोक्यात रात्रंदिवस ताणलेलं असतं. लाकडाला हे पेलणं शक्य नाही, म्हणून आत बिडाची अखंड ओतलेली चौकट असते. पियानो चार हमालांना भारी पडतो तो बऱ्याच अंशी या चौकटीमुळे.

पण बिडाची चौकट आवाज देत नाही, आणि नुसती तारही देत नाही. तार इतकी बारीक असते की ती हवा कापत जाते, ढकलत नाही. सतारीला जसा भोपळा आणि तबली, तसा पियानोला साउंडबोर्ड: स्प्रूसच्या लाकडाची, जेमतेम आठ-नऊ मिलिमीटर जाडीची, मीटर-सव्वा मीटर पसरलेली फळी. तिच्यावर घोडी चिकटवलेली असते आणि घोडीवरून तारा ताणून नेलेल्या असतात. फळी सपाट नसते. तारांच्या बाजूला तिला अगदी हलका फुगवटा दिलेला असतो, म्हणजे घोडी तारांना सतत रेटून धरते. सूर चढतो-उतरतो तो या फुगवट्यामुळे.

कापून, रंधून, पॉलिश करून शंभर वर्षं झाली तरी लाकडाच्या पेशींच्या भिंती हवेतली वाफ धरतात आणि सोडतात. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या ९ टक्के पाणी धरून स्थिरावतं. आर्द्रता ८५ टक्के झाली की हाच आकडा १७-१८ टक्क्यांपर्यंत जातो. पाणी घेतलेलं लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, रेषांना आडवं मात्र फुगतं. पावसाळ्यात आपल्याकडे न्हाणीघराचं दार चौकटीत अडकतं ते रुंदीत, उंचीत नाही. स्प्रूसची फळी दर एक टक्का पाण्यामागे आडवी साधारण ०.१३ टक्के फुगते. वार्निश आणि बंद खोक्यामुळे पाणी पूर्ण मुरलं नाही, चारच टक्के वाढलं असं धरलं, तरी मीटरभर रुंदीच्या फळीला पाच मिलिमीटर जास्तीची जागा हवी असते. ती कुठून मिळणार? कडा तर चारही बाजूंनी चिकटवलेल्या. मग फळी एकाच दिशेला जाऊ शकते, पुढे, तारांकडे. फुगवटा वाढतो, घोडी तारांना जास्त रेटते, ताण वाढतो आणि सूर चढतो. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचे कोरडे वारे आले की हेच उलट होतं आणि सूर उतरतो.

सगळे स्वर सारखेच चढले असते तर घरात एकट्याने वाजवणाऱ्याला कदाचित कळलंही नसतं. पण फळी मध्ये जास्त हलते आणि कडेला कमी. म्हणून मधली सप्तकं चढतात, दोन्ही टोकं मागे राहतात. लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर एका भागाला सेंट म्हणतात. मधल्या पट्ट्यांत ऋतूगणिक दहा-पंधरा सेंटचा फरक सहज पडतो. खालचा सा आणि वरचा सा एकमेकांना भेटेनासे होतात, आणि कानाला खुपतं ते हे. अंकलनी जूनमध्ये सूर लावला असता तर तो हलत्या जमिनीवर लावल्यासारखा झाला असता, कारण फळीला हवेशी जुळवून घ्यायला काही आठवडे लागतात. मुंबईत पियानो वर्षातून दोनदा लावावा आणि तारीख पाहून नव्हे तर हवा पाहून लावावा, असं माझं ठाम मत झालंय. एकदा पावसाळा मुरल्यावर आणि एकदा ऑक्टोबरची काहिली ओसरून हवा कोरडी झाल्यावर.

या शहरातली हवा नुसती दमट नसते, खारटही असते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण घरात येतात आणि तारांवर बसतात. मिठाचा एक गुण स्वयंपाकघरात सगळ्यांनी पाहिलेला आहे: पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं. त्याला एक ठरावीक आकडा आहे. सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. त्या आकड्याच्या खाली ते तारेवर निमूट पडून राहतं, वर गेलं की तारेवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर बसतो आणि पोलाद गंजायला लागतं. मुंबईत जून ते सप्टेंबर हवा बहुतेक वेळ या रेषेच्या वरच असते. दादर-माहीम-वरळीच्या किनाऱ्यालगतच्या घरांतल्या जुन्या पियानोंच्या तारा लाल दिसतात त्या यामुळे. गंजलेली तार नुसती कुरूप नसते. तिचं वजन लांबीभर एकसारखं राहत नाही, मग तिचा एकटीचाही स्वर स्वच्छ लागत नाही. खुंटी फिरवताना तुटते ती बहुधा अशीच तार.

फेल्टचं, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचं, दुखणं वेगळं. इ. स. १७०० च्या सुमारास इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने पियानो घडवला, तेव्हा त्याची मोठी युक्ती ही होती की हातोडी तारेला मारून तिथेच टेकून राहता कामा नये. पट्टी सुमारे दहा मिलिमीटर खाली जाते. हातोडी तारेपासून दोन-तीन मिलिमीटरवर आली की खालचा आधार सुटतो, उरलेलं अंतर ती स्वतःच्या वेगाने जाते आणि परत फिरते. म्हणून बोटाच्या ताकदीप्रमाणे स्वर हळू किंवा मोठा लागतो. हे सगळं साधण्यासाठी प्रत्येक सांध्यात मिलिमीटरभर जाडीची एक खीळ, लोकरीच्या अस्तरात फिरणारी. असे शेकडो सांधे. लोकर दमट झाली की हातोड्या सुस्तावतात आणि जलद सुरावटीत एखादा स्वर गळतो. शिवाय लोकर म्हटलं की कसर आलीच. न वाजवता झाकून ठेवलेल्या पियानोत तिचं फावतं, म्हणून मला वाटतं पियानोला सगळ्यात मोठा धोका बंद झाकणाचा आहे.

इंग्रजांच्या काळी विलायतेतले कारखाने उष्ण देशांसाठी वेगळे पियानो बांधत. सरसाचे सांधे दमट हवेत सुटतात, म्हणून तिथे जोडीला पितळी स्क्रू असत. मुंबईत पियानोचा राबता जुनाच, धोबीतलावचं फुर्टाडोज हे वाद्यांचं दुकान १८६५ पासूनचं. आणि या शहरातल्या घरांनी पियानो जपायचा एक देशी उपायही केव्हाच शोधला: पियानोच्या खालच्या कप्प्यात कमी वॉटचा एक दिवा पावसाळाभर पेटता ठेवायचा.

त्यामागचं गणित फार सुंदर आहे. दिवा हवेतलं पाणी काढत नाही, तो फक्त हवा गरम करतो. २८ अंशांच्या हवेत ८५ टक्के आर्द्रता असेल आणि तीच हवा ३२ अंशांवर नेली तर आर्द्रता ६८ टक्क्यांच्या आसपास येते, कारण गरम हवेची वाफ धरण्याची क्षमता वाढते. पाणी तेवढंच, पण लाकूड, लोकर आणि मीठ या तिघांनाही सापेक्ष आर्द्रतेशीच कर्तव्य असतं. चार अंशांत आपण मिठाच्या ७५ च्या रेषेखाली आलो.

आमच्याकडेही असा दिवा होता. दोन वर्षांपूर्वी घरातले सगळे दिवे बदलून एलईडी लावले, तेव्हा पियानोतलाही बदलला. उजेड पडत होता, म्हणून दिवा चालू आहे या समाधानात मी राहिले. एलईडी कमी वीज खातो तो उष्णता फार थोडी सोडतो म्हणून, आणि पियानोला हवी होती नेमकी उष्णताच. यंदा पट्टी अडकली त्याचं कारण हे. अंकलनी खालची फळी काढली, दिव्याला हात लावला आणि माझ्याकडे पाहिलं. आता तिथे हवा सुकवायची विजेची कांडी आहे आणि वर शे-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक. परदेशी पुस्तिकांत ४० ते ५० टक्के आर्द्रता ठेवा असं सांगतात. मुंबईत त्यामागे धावू नये. बाराही महिने साठ-पासष्टच्या आसपास स्थिर राहिली तर फळी सुखी असते. ओल येणाऱ्या भिंतीला पियानो टेकवू नये आणि एसीचा झोत थेट त्यावर सोडू नये, हेही त्यातच आलं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात अंकल पुन्हा आले. मापक ६६ दाखवत होता. त्यांनी पांढरी सहाच्या तीन तारांपैकी दोन रबराच्या पाचरींनी गप्प केल्या आणि उरलेली एक ४४० ला, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांवर, लावली. मग एक पाचर काढली. आता दोन तारा एकदम वाजत होत्या आणि स्वर लाटेसारखा फुगत-ओसरत होता. एक तार ४४० आणि दुसरी ४४२ असेल तर ही लाट सेकंदाला बरोबर दोनदा येते. किल्लीने खुंटी केसभर फिरवली की लाट लांबते, आणखी लांबते आणि मग नाहीशी होते. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा मिळवणाऱ्याला ही लाट चांगली ओळखीची.

आई खुर्ची ओढून जवळच बसली होती. अंकल स्वरांच्या जोड्या लावू लागले तसं ती म्हणाली, "पंचम छान लागला हो, पण गांधार चढा ठेवलात." आणि ते खरं होतं. पियानोत सप्तकाचे बारा अगदी समान भाग करतात, म्हणजे कुठल्याही पट्टीत वाजवता येतं. त्यात पंचम शुद्ध जागेपासून दोनच सेंट हलतो, गांधार मात्र चौदा सेंट चढतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गांधार ज्याच्या कानात बसलाय, त्याला हे खटकणारच. पेटीवरचा जुना आक्षेपही असाच होता. १९४० साली रेडिओने तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ मध्ये सैल झाली. अंकल हसले. म्हणाले, "हा गांधार मी चढाच ठेवतो, आई. सेकंदाला किती लाटा यायला पाहिजेत ते मोजून."

डिजिटल पियानोला यातलं काही लागत नाही, आणि दोन खोल्यांच्या घरात, शेजाऱ्यांच्या झोपेचा विचार करून, शिकायला तो उत्तमच. पण अंकल गेल्यावर लेकीने जे केलं ते तारांच्या पियानोवर करून पाहण्यासारखं आहे. खर्जाकडची पांढरी एक आवाज न होऊ देता हळूच दाबून धरायची. तिच्या तारा मोकळ्या होतात. मग वरच्या सप्तकातली पांढरी पाच, म्हणजे तिचा पंचम, जोरात वाजवून लगेच सोडायची. वाजवलेला स्वर थांबतो, पण न वाजवलेल्या खर्जाच्या तारांतून तोच पंचम गुणगुणत राहतो, सतारीच्या तरफांसारखा. मग तिने त्याहून वरच्या सप्तकातली पांढरी तीन वाजवून सोडली, गांधाराची. आईने डोकं खाली नेऊन कान लाकडाला लावला आणि आम्हाला हाताने गप्प राहायला सांगितलं.

"आहे," थोड्या वेळाने ती म्हणाली. "पण दबकत येतोय."