कागद वाढवायचा की चित्र ताणायचं?

द्राक्षाच्या हंगामात पिंपळगावकडचे एक बागायतदार नाशिकला आमच्या डीटीपीच्या दुकानात खोक्यावरचं लेबल घेऊन आले. ८ बाय ६ इंच, त्यावर थॉमसन जातीच्या द्राक्षांचा आडवा घड. वजन आणि पॅकिंगची तारीख टाकायला त्यांना उजवीकडे २ इंचांची कोरी पट्टी हवी होती. आमच्या नव्या पोराने गिंप या चित्रांवर काम करायच्या प्रोग्रॅममध्ये 'स्केल इमेज' उघडून रुंदी १० केली. उंची आपोआप साडेसात झाली, म्हणून त्याने रुंदी-उंची जोडून ठेवणारं साखळीचं चिन्ह तोडून ती परत ६ वर आणली. पट्टी काही आली नाही, मणी मात्र लांबले. बागायतदार म्हणाले, "अहो, ही थॉमसन आहे, लांब मण्यांची सोनाका नाही!"

त्याला हवं होतं 'कॅनव्हास साइज'. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरले तर, ते लेबल २४०० बाय १८०० पिक्सेलचं. स्केल केलं की तेच चित्र ३००० पिक्सेलांत ताणलं जातं आणि मधले पिक्सेल सॉफ्टवेअर शेजारच्यांवरून अंदाजाने भरतं. कॅनव्हास वाढवला तर २४०० जिथल्या तिथे राहतात, बाजूला ६०० पिक्सेलांची मोकळी जागा येते.

चूक पोराची कमी, मेनूची जास्त असं माझं मत आहे. दोन्ही पर्याय एकाच 'इमेज' मेनूत आहेत. फोटोशॉपमध्ये तर 'इमेज साइज' आणि 'कॅनव्हास साइज' एकाखाली एकच, आणि दोन्हींत 'साइज'. 'चित्र ताणा' आणि 'कागद वाढवा' अशी नावं असती तर कुणाला विचारावं लागलं नसतं. गिंपच्या कॅनव्हासच्या खिडकीत चित्र नव्या कागदावर कुठे बसेल याचा छोटा नमुना दिसतो. तसाच स्केलच्या खिडकीतही हवा. साखळी तुटली की तिथेच लिहून यावं: 'चित्र आडवं २५ टक्के ताणलं जाईल.'

कॅनव्हासमध्येही एक खोच आहे. 'रिसाइझ लेयर्स' समोर 'नन' असेल तर कागद वाढतो, पण लेयर, म्हणजे चित्राचा थर, जुन्याच मापाचा राहतो. पोराने पट्टीत पांढरा रंग भरायला ब्रश फिरवला, काहीच उमटेना. लेयरच्या कडेची पिवळी तुटक रेघ बघायला नव्या माणसाला कोण सांगणार? ब्रश त्या रेघेबाहेर गेला की 'लेयर वाढवू का?' असं प्रोग्रॅमनेच विचारायला हवं.