खिमा बांधतो कोण?

गेल्या वर्षी भाचीला सीलिअ‍ॅक रोगाचं निदान झालं आणि ताईच्या घरातून गहू गेला. या रोगात गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर तुटून पडते. ‘एका घासाने काय होतंय’ म्हणणारे नातेवाईक घरोघरी असतात. पण रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेनही आतड्याला इजा करू शकतं, आणि ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये त्याच्या कितीतरी पट असतं. ज्वारी, नाचणी, तांदूळ यांत ग्लुटेन नाही. मात्र गिरणीत गव्हाच्या मागून ज्वारी पडली की जात्यात अडकलेलं गव्हाचं पीठ तिच्यात उतरतं. म्हणून ताईने ठरवलं, रविवारच्या मटणाला कुठल्याच तृणधान्याचं पीठ लावायचं नाही.

रश्शाचा प्रश्नच नव्हता. तांबडा असो की पांढरा, त्याला दाटपणा येतो खोबरं, तीळ, खसखस यांच्या वाटणाने. अडलं ते आईच्या खिमा कटलेटपाशी. आत भिजवून पिळलेला ब्रेड, बाहेर रवा. ताईने दोन्ही वगळून केले, तर तव्यावर पहिल्याच उलथण्याला सगळे फुटले. ‘ब्रेडशिवाय खिमा बांधला जात नाही,’ आईने निकाल दिला.

मला तो पटेना. खिम्याला बांधतं ते मांसातलंच एक प्रथिन, मायोसिन. त्याचा रेणू कसा दिसतो? मोड आलेले दोन मूग घ्या आणि त्यांच्या लांब शेपट्यांना एकमेकींभोवती पीळ द्या. दोन डोकी, एक पीळदार शेपूट. असे सुमारे 300 रेणू एकत्र येऊन स्नायूतला एक जाड तंतू होतो. हे तंतू साध्या पाण्यात विरघळत नाहीत. म्हणून नुसता खिमा कितीही दाबला तरी त्याचे कण सुटेच राहतात.

मीठ पडलं की चित्र पालटतं. एक किलो खिम्यात साधारण 750 ग्रॅम पाणी असतं. त्यात 15 ते 20 ग्रॅम, म्हणजे लहान तीन चमचे मीठ घातलं, की मिठातले क्लोराइड आयन, म्हणजे ऋण भाराचे कण, तंतूंना चिकटतात. तंतूंवरचा ऋण भार वाढतो, ते एकमेकांना दूर लोटतात, फुगतात, पाणी धरतात आणि मायोसिनचे रेणू जुडीतून सुटे होऊ लागतात. आता मळायचं. मळल्याने हे प्रथिन बाहेर येऊन प्रत्येक कणावर चिकट लेप होतो. तव्यावर 40 ते 50 अंश सेल्सिअसच्या दरम्यान रेणूंची डोकी एकमेकांना चिकटू लागतात, 55 च्या पुढे शेपट्यांचे पीळ उलगडून गुंततात, आणि तयार होतं एक जाळं, ज्यात पाणी आणि चरबी दोन्ही अडकतात. सॉसेज एकसंध राहतं तेही याच जाळ्यामुळे.

त्यामुळे क्रम महत्त्वाचा. फ्रिजमधला गार खिमा, आधी फक्त मीठ, मग पाचेक मिनिटं जोरात मळणं. खिमा गरम झाला तर चरबी कणांवर फासली जाते आणि लेप नीट बसत नाही. तळहातावर गोळा थापून हात उलटा करा; पडला नाही तर जमलं. कांदा, कोथिंबीर, मसाला त्यानंतर. लिंबू आधी नको, कारण आम्लाने तो ऋण भार कमी होतो आणि पाणी सुटतं. कच्ची पपई तर नकोच. तिच्यातलं पपेन हे एन्झाइम मायोसिनच तोडतं.

मग ब्रेड काय करत होता? तो पाणी धरून जाळ्याच्या मध्ये येत होता, त्यामुळे कटलेट मऊ राहत. निव्वळ मायोसिनचं जाळं रबरासारखं घट्ट होतं. ‘मीठ आधी घातलं की मांस वातड होतं’ हा समज खिम्यापुरता निम्मा खरा आहे तो यामुळेच. ब्रेडचं हे काम किलोला एक मोठा उकडलेला बटाटा करतो. त्याच्या शिजलेल्या स्टार्चमध्ये पाणी धरून ठेवण्याची ताकद भरपूर असते. कच्चं केळं उकडून घातलं तरी चालतं.

हे वाचून निरोगी माणसाने भाकरी सोडू नये. ‘धान्य म्हणजे विष’ असे व्हिडिओ मोबाइलवर रोज फिरतात, आणि सीलिअ‍ॅकच्या रुग्णांचा त्रास त्यांत पुरावा म्हणून वापरला जातो. मला त्याचा राग येतो. ज्याला हा रोग किंवा गव्हाचा दुसरा त्रास नाही, त्याच्या आतड्याला पोळी इजा करत नाही.

रव्याची जागा शिंगाड्याच्या पिठाने घेतली. उपासाचं पीठ मटणाला लावायला आईने आधी नकार दिला, मग कुरकुरीत कवच पाहून स्वतःच पाकीट पुढे केलं. तेल ताजं घेतलं, कारण आदल्या तेलात पुऱ्या तळल्या होत्या. त्याच दिवशी ताईने फोडणीच्या हिंगाची डबी उलटून वाचली. घटकांत गव्हाचं पीठ होतं.