विंग-बॅक (फुटबॉल)

विंग-बॅक : फुटबॉलमध्ये मैदानाची एक अख्खी बाजू ज्याच्यावर सोपवलेली असते तो खेळाडू. तीन सेंटर-बॅक, म्हणजे मधले बचावपटू, मागे ठेवून केलेल्या ३-५-२ किंवा ३-४-३ अशा मांडणीत (आकडे बचाव, मधली फळी आणि आघाडी या क्रमाने) ही जागा असते, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. चेंडू प्रतिस्पर्ध्यांकडे असला की हे दोघे मागे येतात आणि तिघांचा बचाव पाच जणांचा होतो. चेंडू आपल्या संघाकडे आला की तेच दोघे आघाडीच्या ओळीत, टचलाइनला, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेला, चिकटून उभे असतात. चार जणांच्या बचावातला फुल-बॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, तोही पुढे जातो, पण त्याच्यापुढे बहुधा एक विंगर, म्हणजे कडेने हल्ला करणारा खेळाडू, असतो. विंग-बॅकच्या पुढे कडेला बहुधा कोणीच नसते. त्या बाजूने क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर चेंडू, टाकायचा तो त्यानेच, आणि चेंडू गेला तर उलट्या पावली पन्नास-साठ मीटर धावत यायचे तेही त्यानेच. मैदान साधारण १०५ मीटर लांब असते. एका सामन्यात दहा-बारा किलोमीटर धावणे होते आणि त्यात पूर्ण वेगाच्या छोट्या धावाही पुष्कळ असतात. मुंबईकराच्या भाषेत सांगायचे तर दीड तास नुसते अप-डाऊन. गंमत म्हणजे जर्मन लोक या खेळाडूला ‘शीनेनश्पीलर’, म्हणजे रुळांवरचा खेळाडू, असेच म्हणतात.

चेंडू डावीकडे असताना उजव्या विंग-बॅककडे पाहावे. त्याचे काम तिथे नीट दिसते. डावा विंग-बॅक क्रॉससाठी मान वर करतो तेव्हा प्रतिस्पर्धी बचावपटूंचे डोळे चेंडूवर असतात आणि अंग आपापल्या फॉरवर्डला टेकलेले असते. तेवढ्यात उजवा विंग-बॅक आधी चालत, मग दोन लांब ढांगा टाकत गोलच्या दूरच्या खांबापाशी पोहोचतो. त्याला पाहण्याचे काम ज्याचे, त्याच्या तो पाठीमागे असतो. प्रशिक्षक जान पिएरो गॅस्पेरिनी यांच्या इटलीतल्या अटलांटा संघाने एका विंग-बॅकचा क्रॉस आणि दुसऱ्याचा गोल हा नित्याचा प्रकार करून टाकला. त्यांचा डावा विंग-बॅक रॉबिन गोसेन्स याने २०२०-२१ च्या हंगामात इटालियन लीगमध्ये ११ गोल केले. पुष्कळ फॉरवर्डांना एवढे जमत नाहीत.

या जागेचा उगम इटलीत शोधायला हरकत नाही. १९६० च्या दशकात इंटर मिलानचे प्रशिक्षक हेलेनियो हेरेरा यांनी जाचिंतो फाकेत्ती या उंचापुऱ्या मुलाला, जो आधी फॉरवर्ड खेळत असे, डाव्या बचावात उभे केले आणि पुढे धावायची मोकळीक दिली. १९६५-६६ मध्ये त्याने लीगमध्ये दहा गोल केले. इंटरचा बचाव कुलूपबंद म्हणून गाजला, पण त्या कुलपाची किल्ली डावीकडून पळत असे, हे कमी सांगितले जाते. ब्राझीलमध्ये कडेच्या बचावपटूने हल्ल्यात उतरायची परंपरा त्याहूनही जुनी. १९८० च्या दशकात ३-५-२ रुळली; १९८६ चा अर्जेंटिना आणि १९९० चा पश्चिम जर्मनी असे लागोपाठचे दोन विश्वविजेते तीन सेंटर-बॅक घेऊन खेळले. १९९० च्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल, पेनल्टीवरचा, डाव्या विंग-बॅकचा होता : आंद्रेआस ब्रेमे.

फाकेत्तीची गोष्ट नमुनेदार आहे, कारण विंग-बॅक म्हणून सुरुवात करणारे फार थोडे असतात. गल्लीत खेळणारे कोणतेही पोर मला विंग-बॅक व्हायचे आहे असे म्हणत नाही. त्यातले कोणी विंगर असते, कोणी मधल्या फळीतले, कोणी फुल-बॅक, आणि एके दिवशी प्रशिक्षक त्याला बाजूला घेऊन सांगतो की उद्यापासून तू इथे. त्यामुळे या खेळाडूची कारकीर्द त्याच्या पायांइतकीच प्रशिक्षकाच्या फळ्यावरच्या आकड्यांवर अवलंबून राहते.

व्हिक्टर मोझेसइतके याचे उघड उदाहरण सापडणार नाही. नायजेरियाच्या कडुना शहरात १९९० साली जन्मलेला हा विंगर २०१२ मध्ये इंग्लंडच्या चेल्सी क्लबात आला, पुढच्या वर्षी नायजेरियाबरोबर आफ्रिकन नेशन्स कप जिंकला, आणि मग लिव्हरपूल, स्टोक, वेस्ट हॅम असा लागोपाठ तीन हंगाम उसनवारीवर फिरला. चेल्सीला तो नकोच असावा, असे बाहेरून वाटत होते. सप्टेंबर २०१६ मध्ये नवे प्रशिक्षक अँतोनियो काँते यांचा संघ आर्सेनलकडून ३-० असा हरला. काँते यांनी चौघांचा बचाव मोडून ३-४-३ लावली. डावीकडे मार्कोस अलॉन्सो आणि उजवीकडे, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, मोझेस. त्यानंतर चेल्सीने लीगमधले सलग १३ सामने जिंकले आणि ९३ गुणांसह विजेतेपद घेतले. त्याच हंगामाच्या एफए कपच्या अंतिम सामन्यात मात्र मोझेस पेनल्टी बॉक्समध्ये खोटाच पडला, दुसरे पिवळे कार्ड पाहून बाहेर गेला आणि चेल्सी हरली. २०१८ मध्ये काँते गेले, मौरीझियो सार्री ४-३-३ घेऊन आले. खेळाडू तोच, वय अठ्ठावीसच्याही आत. पण ज्या जागेवर तो उभा राहत असे ती जागाच संघात उरली नाही. जानेवारी २०१९ मध्ये तो तुर्कस्तानच्या फेनरबाचे क्लबात गेला. वर्षभराने त्याला इंटरमध्ये बोलावून घेतले ते पुन्हा काँते यांनीच.

याच्या अगदी उलट उदाहरण ब्राझीलच्या काफूचे. मार्कोस एव्हांजेलिस्ता दि मोराइस हे त्याचे खरे नाव. काफुरिंगा नावाच्या विंगरवरून त्याला काफू म्हणू लागले. जन्म ७ जून १९७० चा, ब्राझील विश्वचषकात इंग्लंडशी खेळत होता त्या दिवसाचा. साओ पाउलोच्या जार्दिम इरेने या गरीब वस्तीत तो वाढला आणि अनेक क्लबांनी चाचणीतच नाकारल्यावर साओ पाउलो क्लबात शिरला. तिथे मधल्या फळीत खेळणाऱ्या या मुलाला प्रशिक्षक टेले सांताना यांनी उजव्या बचावात नेले. १९९२ आणि १९९३ अशा दोन्ही वर्षी त्या संघाने कोपा लिबर्तादोरेस ही दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा जिंकली.

१९९७ मध्ये तो इटलीच्या रोमा क्लबात गेला. तिथे आधी झ्देनेक झेमन यांच्या ४-३-३ मध्ये उजवा बॅक म्हणून खेळला, पुढे फाबियो कापेल्लो यांच्या तीन सेंटर-बॅकच्या मांडणीत खरा विंग-बॅक झाला. डावीकडे जोडीला व्हिन्सेंट कांदेला. इटालियनांनी त्याला ‘पेंदोलिनो’ हे तिथल्या वेगवान आगगाडीचे नाव दिले. डिसेंबर २००० मधल्या लात्सिओविरुद्धच्या शहरी लढतीतली त्याची करामत रोमात अजून दाखवली जाते : पाव्हेल नेदवेद अंगावर आलेला, काफूने चेंडू त्याच्या डोक्यावरून उडवला, पुन्हा उडवला, आणि तिसऱ्यांदाही. बचावपटूने हे करायचे नसते, असे कोणताही शहाणा प्रशिक्षक सांगेल. १७ जून २००१ रोजी पार्माला ३-१ हरवून रोमाने लीग जिंकली.

ब्राझीलकडून तो १४२ सामने खेळला आणि सलग तीन विश्वचषकांच्या अंतिम सामन्यांत उतरणारा तो एकमेव खेळाडू. १९९४ मध्ये जोर्जिन्यो जखमी झाला म्हणून पहिल्या हाफमध्येच त्याला आत यावे लागले होते. २००२ ला कर्णधारपदही असेच अचानक आले. कर्णधार एमर्सनचा खांदा सरावात निखळला, तोही गंमत म्हणून गोलरक्षकाच्या जागी उभा राहिलेला असताना. लुइस फिलिपे स्कोलारी यांनी लुसिओ, एदमिलसन आणि रोके ज्युनिअर असे तिघे मागे ठेवले आणि दोन्ही बाजू काफू व रोबेर्तो कार्लोस यांना मोकळ्या करून दिल्या. योकोहामात जर्मनीला २-० हरवल्यावर काफू थेट चषकाच्या चौथऱ्यावर चढला. पिवळ्या जर्सीवर हाताने लिहिले होते : ‘१०० टक्के जार्दिम इरेने’.

त्यानंतर एसी मिलान क्लबात तो पुन्हा चौघांच्या बचावात गेला. मात्र कार्लो अँचेलोत्ती यांच्या मांडणीत विंगरच नव्हते, त्यामुळे कडेची धाव त्याच्याच वाट्याला राहिली. पाटी बदलली, काम तेच. मोझेससारख्याची जागा मांडणीबरोबर जाते आणि काफूसारख्याची टिकते, याचे कारण बचावाचे मूळ शिक्षण. काफूला चौघांत एकटे सोडले तरी भीती नव्हती. मोझेसच्या पाठीशी तिसरा सेंटर-बॅक लागत असे.

भारतात ही मांडणी ठळकपणे दिसली ती अँतोनियो लोपेझ हाबास यांच्या कोलकात्याच्या एटीके संघात, आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये. २०१९-२० च्या हंगामात उजवीकडे प्रबीर दास आणि डावीकडे मूळचा आक्रमक मायकेल सूसैराज. तो अंतिम सामना मडगावच्या फातोर्डा मैदानावर करोनामुळे प्रेक्षकांविना झाला आणि एटीकेने चेन्नईयिनला ३-१ हरवले. म्हापशाचा मंदार राव देसाई एफसी गोवाकडे डावा विंगर होता; सर्जिओ लोबेरा यांनी त्याला मागे नेऊन डावा बॅक केले. काटेकोर अर्थाने तो फुल-बॅक, कारण लोबेरा चौघांनीच बचाव करत. पण धाव विंग-बॅकचीच. २०२० मध्ये लोबेरांपाठोपाठ तोही मुंबई सिटीत गेला आणि त्या हंगामात मुंबईने साखळीत पहिल्या येणाऱ्याला मिळणारी ढाल आणि आयएसएलचा चषक दोन्ही जिंकले.

पाच बदली खेळाडूंची मुभा २०२० मध्ये आधी तात्पुरती आणि २०२२ पासून कायमची मिळाल्यावर या जागेचे गणित बदलले आहे. साठ-पासष्टाव्या मिनिटाला दोन्ही विंग-बॅक एकदम बदलणे आता सर्रास चालते. तरीही जाबी अलोन्सो प्रशिक्षक असलेल्या लेव्हरकुसेनने २०२३-२४ ची बुंडेसलिगा, म्हणजे जर्मन लीग, एकही सामना न हरता जिंकली तेव्हा आलेहांद्रो ग्रिमाल्दो आणि जेरेमी फ्रिम्पाँग हे दोन विंग-बॅक संघाच्या प्रमुख गोल करणाऱ्यांत होते. त्या हंगामात सर्व स्पर्धा धरून लेव्हरकुसेनचा एकच पराभव झाला, युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात. हरवणारा संघ गॅस्पेरिनींचा अटलांटा, तोही तीन सेंटर-बॅक आणि दोन विंग-बॅक घेऊन उतरलेला.